धोका नेमका कोणाला? एकाच घरातल्या दोन भावंडांचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

थोरली बहीण ४७ वर्षांची, धाकटा भाऊ ४३ वर्षांचा. ओळख पटू नये म्हणून त्यांचा व्यवसाय, राहण्याचे ठिकाण आणि काही कौटुंबिक तपशील गाळले आहेत. वडील ५१व्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने गेले, तेव्हा ही दोघे विशीत होती. वडील शिडशिडीत होते, तंबाखूला कधी शिवले नव्हते. त्यामुळे "कामाचा ताण भोवला" असे घरात ठरून गेले आणि विषय तिथेच संपला. सख्ख्या काकांची ५४व्या वर्षी बायपास झाली. आईला मधुमेह आहे.

तपासणीसाठी आली ती बहीण. वजनावरून तिला लग्नाआधीपासून बोलणी खावी लागत होती. वडिलांचा वारसा आणि वर हे वजन, म्हणजे पुढचा नंबर आपलाच, अशी तिची खात्री झाली होती. भाऊ केवळ सोबतीला आला होता. कंपनीच्या वार्षिक तपासणीत त्याचे एकूण कोलेस्टेरॉल दरवर्षी २००च्या आत येत होते आणि वजन गेल्या वीस वर्षांत फारसे हलले नव्हते. "माझं काही नाही, ताईचं बघा," हे त्याचे पहिले वाक्य.

घराण्याचा इतिहास दोघांचाही एकच, म्हणून मोजमापे दोघांचीही घेतली. बहिणीची उंची १५८ सेंमी, वजन ७३.४ किलो, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २९.४. भावाची उंची १७२ सेंमी, वजन ६७ किलो, बीएमआय २२.६. इथपर्यंत सगळे अपेक्षेप्रमाणे.

मग टेप काढली. भावाने "चौतीस" असे सांगून टाकले, कारण पँटचा तोच नंबर होता. पण त्याचा पट्टा पोटाच्या खाली, ओटीपोटावर बसत होता. कंबर मोजायची ती शर्ट वर करून, शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या बरोबर मध्ये, श्वास सहज सोडल्यावर, टेप न आवळता. तिथे ९२ सेंमी भरले. म्हणजे उंचीच्या निम्म्याहून जास्त. दक्षिण आशियाई वंशाच्या पुरुषांसाठी ९० सेंमी आणि स्त्रियांसाठी ८० सेंमी ही सावधगिरीची रेषा धरली जाते. हातपाय काटक्यांसारखे आणि पोट तेवढे गोल, असा त्याचा बांधा सैल शर्टात कोणाच्या नजरेत येत नव्हता. बहिणीची कंबर ८६ सेंमी होती, तीही रेषेच्या वरच. पण तिचा नितंबांचा घेर ११२ सेंमी होता, म्हणजे तिची बरीचशी चरबी मांड्या आणि नितंबांवर होती.

अडचण

चरबी किती आहे याइतकेच ती कुठे आहे हे महत्त्वाचे असते. मांड्या-नितंबांच्या त्वचेखालची चरबी जादा स्निग्धाम्ले (चरबीचे घटक) साठवून ठेवते, आणि कंबर तेवढीच असेल तर नितंबांचा घेर मोठा असणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका उलट कमी आढळतो. आतड्यांभोवतीच्या चरबीचे तसे नाही. तिथून सुटणारी स्निग्धाम्ले पोर्टल शिरेतून सरळ यकृतात उतरतात. यकृत त्यांचे ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) करून रक्तात सोडते, एचडीएल, म्हणजे 'चांगले' कोलेस्टेरॉल, घसरते, 'वाईट' कोलेस्टेरॉल वाहणारे एलडीएलचे कण लहान पण संख्येने जास्त होतात आणि इन्शुलिनचा प्रभाव कमी होतो. ज्यांच्या त्वचेखाली साठवायला जागा कमी, त्यांच्यात हे किलोभर वाढीनेही सुरू होऊ शकते.

या संदर्भात २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेला एक छोटा लेख आठवतो. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन या दोन मित्रांनी स्वतःचाच फोटो आणि मोजमापे त्यात दिली होती. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. बीएमआयला चरबी आणि स्नायू यांतला फरक कळत नाही, हे सांगायला तो एकच फोटो पुरेसा होता.

रक्ताचे अहवाल आल्यावर चित्र आणखी गुंतागुंतीचे झाले. बहिणीचे एकूण कोलेस्टेरॉल १८८, ट्रायग्लिसराइड १०५, एचडीएल ५४, एलडीएल ११३ (सर्व मि.ग्रॅ./डेसिलिटर), एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारा आकडा) ५.५ टक्के. भावाचे एकूण कोलेस्टेरॉल १९६, ट्रायग्लिसराइड १९०, एचडीएल ३६, एलडीएल १२२, उपाशीपोटी साखर १०६, एचबीए१सी ५.९ टक्के. नुसत्या एलडीएलकडे पाहिले तर भावंडांत फरक फक्त ९चा. ॲपो-बी मोजल्यावर तो ३०चा निघाला: बहीण ८८, भाऊ ११८. रोहिणीच्या (रक्तवाहिनीच्या) भिंतीत शिरून अडकू शकणाऱ्या प्रत्येक कणावर ॲपो-बी या प्रथिनाचा एकच रेणू असतो, म्हणून ती कणांची जवळपास थेट मोजणी ठरते. एलडीएलचा आकडा त्या कणांत कोलेस्टेरॉल किती भरले आहे एवढेच सांगतो. ट्रायग्लिसराइड जास्त असले की कण कोलेस्टेरॉलने हलके आणि संख्येने भारी होतात, आणि एलडीएल खोटा दिलासा देते.

पण बहिणीचाही एक आकडा वाईट होता. तिचा एचएस-सीआरपी, म्हणजे शरीरातला दाह दाखवणारा आकडा, ३.४ मि.ग्रॅ./लिटर होता, भावाचा १.१. तीनच्या वरचा आकडा जास्त धोक्याच्या गटात मोडतो. इंटरनेटवर तिने हे आधीच वाचले होते आणि ती घाबरली होती.

आणि सगळ्यावर कळस म्हणजे, आम्ही वापरलेल्या जोखीम-गणकाने दोघांचाही पुढच्या दहा वर्षांतला धोका ५ टक्क्यांच्या आत दाखवला. या गणकात वय सर्वांत वजनदार असते, आणि कंबर, घराण्याचा इतिहास, ॲपो-बी यांना त्यात रकानाच नसतो. म्हणजे गणकाच्या लेखी दोघेही सुखरूप, समाजाच्या नजरेत बहीण धोक्यात, टेपच्या आणि ॲपो-बीच्या मते भाऊ धोक्यात. वडिलांच्या मृत्यूचा अर्थ यापैकी कोणीच लावला नव्हता.

पुढे काय तपासायचे: तोलून पाहिलेले पर्याय

बहिणीने एका जनुकीय चाचणीचे माहितीपत्रक सोबत आणले होते. शेकडो जनुकीय बदल तपासून हृदयविकाराचा 'स्कोअर' देणारी ती चाचणी. तिची इच्छा समजण्यासारखी होती. वडील लवकर गेले, तेव्हा "आपल्या रक्तात काय आहे" हे कळावे असे कोणालाही वाटते. पण असे बहुजनुकीय स्कोअर मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांच्या माहितीवर बेतलेले आहेत आणि इतर वंशांत त्यांची अचूकता घसरते. शिवाय स्कोअर वाईट आला असता तरी करायचे तेच होते जे कंबर आणि ॲपो-बी पाहून करायचे होते. कौटुंबिक हायपरकोलेस्टेरोलेमियाची जनुकीय चाचणी हा दुसरा पर्याय. त्यात एलडीएल जन्मापासून चढे असते आणि प्रौढांत साधारण १९०च्या वर गेले की संशय घ्यायचा. इथे दोघांचे एलडीएल त्याच्या आसपासही नव्हते.

भावाला ट्रेडमिलवरची चाचणी हवी होती. "पळवून बघा, दम लागला तर मान्य करतो," असे त्याचे म्हणणे. ती चाचणी हृदयाला जाणारा रक्तप्रवाह अडखळतो का एवढे सांगते. रोहिणीच्या भिंतीत तिची वाट तीस-चाळीस टक्के अडवणारा चरबीचा थर असेल तर ती बहुधा निर्दोष येते, आणि झटका नेमका असाच थर फुटून त्यावर गुठळी जमल्यानेही येतो. लक्षणे नसलेल्या माणसाला तिचा निर्दोष अहवाल हातात दिला की पुढे कोणतेही औषध पटवणे अवघड होते. म्हणून ती केली नाही.

आम्ही निवडली ती लायपोप्रोटीन-ए, म्हणजे एलपी-ए ही रक्ताची साधी चाचणी. नॉर्वेतील कारे बर्ग यांनी १९६३ साली हा कण शोधला. एलडीएलसारख्याच कणाला ॲपो-ए नावाचे आणखी एक प्रथिन जोडलेले असते. ते बनवणारे एलपीए जनुक सहाव्या गुणसूत्रावर आहे. त्यात 'क्रिंगल' नावाचा एक तुकडा पुन्हा पुन्हा येतो, आणि किती वेळा येतो हे माणसागणिक बदलते. तुकडे कमी, तर प्रथिन लहान आणि यकृतातून बाहेर पडणारे कण जास्त. ही पातळी बहुतांशी जन्मतःच ठरते. आहार, व्यायाम, वजन यांनी ती फारशी हलत नाही. म्हणून प्रौढ वयात एकदा मोजली की साधारणतः पुन्हा मोजावी लागत नाही. पाचांतील एका माणसात ती वाढलेली असते, आणि तरी बहुतेकांना आयुष्यभर तिचे नावही ऐकायला मिळत नाही, याची मला मनापासून चुटपुट लागते. एलपी-ए ही रक्तचाचणी असली तरी व्यवहारात ती एका जनुकाचीच चाचणी आहे.

आणखी एक गोष्ट या निवडीमागे होती. ॲपो-बीच्या एकूण बेरजेत एलपी-एचे कण थोडेच असतात, म्हणून ॲपो-बी पाहून एलपी-एचा अंदाज येत नाही. तो वेगळाच मोजावा लागतो.

बहिणीचा एलपी-ए १८ नॅनोमोल/लिटर आला. भावाचा २१२. १२५च्या वर तो स्पष्टपणे धोका वाढवणारा मानतात.

एकाच आईबापांची ही दोन मुले, मग एवढी तफावत कशी, हा बहिणीचा पहिला प्रश्न होता. प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. वडिलांकडे एक 'चढी' आणि एक 'उतरती' प्रत असेल, तर प्रत्येक मुलाला चढी मिळण्याची शक्यता निम्मी. वडिलांचे रक्त आता तपासता येणार नाही, त्यामुळे त्यांचा झटका याचमुळे आला असे ठामपणे म्हणता येत नाही. आईचा एलपी-ए मोजला, तो २२ होता. म्हणजे भावाची चढी प्रत वडिलांकडूनच आली.

बहीण त्या दिवशी रडली, आणि ते सुटकेचे रडे नव्हते. इतकी वर्षे सगळ्यांनी आपल्याकडे बोट दाखवले आणि भावाकडे कोणी पाहिलेच नाही, याचे तिला वाईट वाटत होते.

निर्णय आणि उपाय

भावासमोर दोन वेगवेगळ्या वाटांनी आलेला धोका होता. पोटाच्या चरबीतून आलेला भाग कमी करता येण्यासारखा होता, एलपी-ए नव्हता. एलपी-ए कमी करणारी औषधे चाचण्यांत होती. पेलाकार्सेन आणि ओल्पासिरान यांनी दुसऱ्या टप्प्यातील चाचण्यांत हा आकडा जास्त मात्रेत ८० टक्के किंवा त्याहून अधिक खाली आणला होता, पण या निर्णयाच्या वेळी रोजच्या वापरात असे एकही औषध नव्हते. त्याने कुठेतरी नायसिनबद्दल (ब-३ जीवनसत्त्व) वाचले होते. नायसिनने एलपी-ए काहीसा उतरतो हे खरे, पण स्टॅटिनच्या (कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या नेहमीच्या गोळीच्या) जोडीला नायसिन देऊन केलेल्या मोठ्या चाचण्यांत झटके कमी झाले नाहीत आणि दुष्परिणाम मात्र वाढले. म्हणून तो मार्ग बंद. हात घालता येईल असे एलपी-एच्या भोवतीचे सगळे होते: इतर ॲपो-बी कण, रक्तदाब, साखर, पोट. एलपी-ए चढा असेल तर बाकीच्या गोष्टींना ढिलाई परवडत नाही, असा त्याचा व्यवहारातला अर्थ.

स्टॅटिन लगेच सुरू करावे असे माझे मत होते. तो तयार नव्हता. "मी बारीक, गणक म्हणतो धोका कमी, आणि तुम्ही जन्मभराची गोळी सांगता?" शिवाय स्टॅटिनने साखर वाढते हे त्याने ऐकले होते, आणि ते चुकीचे नव्हते. ज्यांची साखर आधीच काठावर आहे त्यांच्यात मधुमेहाचे निदान थोडे लवकर होऊ शकते. ५.९ एचबीए१सी असलेल्या माणसाने हा प्रश्न विचारणे रास्तच होते. त्याच्यासमोर दोन्ही पारडी मांडली: एलडीएल सुमारे ३९ मि.ग्रॅ.ने उतरले की झटका, पक्षाघात यांसारख्या मोठ्या घटना साधारण पाचव्या हिश्शाने कमी होतात, आणि हे मधुमेह असलेल्यांतही दिसते.

शेवटी बारा आठवडे आधी पोटावर काम करायचे आणि मग निर्णय घ्यायचा असे ठरले. साखर घातलेली पेये बंद, रोज चालणे, आठवड्यातून तीन वेळा स्नायूंचा व्यायाम. वजन कमी करणे हे उद्दिष्ट लिहिलेच नाही, फक्त कंबर लिहिली. बारीक माणसाला वजनाचे लक्ष्य दिले तर तो स्नायू गमावून ते गाठू शकतो.

बारा आठवड्यांनी कंबर ८८, ट्रायग्लिसराइड १३२, एचडीएल ३८, एचबीए१सी ५.७. ॲपो-बी ११८वरून १०६. एलडीएल १२२वरून ११८, जेमतेम. पोटाच्या वाटेने आलेला धोका उतरत होता, तरी ॲपो-बी हवा त्याच्या वरच होता, आणि एलपी-ए तर जागचा हलणारच नव्हता.

इथे कॅल्शियम स्कोअरचा विचार झाला. हृदयाच्या रोहिण्यांत साचलेले कॅल्शियम मोजणारा हा झटपट सीटी स्कॅन, त्याला आर्थर अगॅट्स्टन यांच्या १९९०च्या पद्धतीने आकडा देतात. स्कॅनला पाठवण्याआधी आम्ही दोघांनी मिळून कागदावर लिहून ठेवले की उत्तर काय आले तर काय करायचे. शून्यापेक्षा जास्त काहीही आले तर स्टॅटिन सुरू. शून्य आले तर गोळीचा प्रश्न बंद होणार नाही, फक्त वर्षभर पुढे जाईल. हा दुसरा मुद्दा लिहून घेणे मला फार महत्त्वाचे वाटते. चाळिशीच्या आसपास रोहिणीतला थर अजून मऊ, कॅल्शियमविना असू शकतो आणि स्कॅनला तो दिसत नाही. एलपी-ए २१२ असलेल्या ४३ वर्षांच्या माणसाने शून्यावर निर्धास्त होणे धोक्याचे ठरले असते.

स्कोअर ३४ आला. आकडा लहान वाटतो, पण या वयात बहुतेक पुरुषांत तो शून्य असतो. त्याने कागद पुन्हा वाचला आणि गोळीला होकार दिला. रोसुव्हास्टॅटिन १० मि.ग्रॅ. सुरू केले. ॲस्पिरिनचाही विचार झाला. झटका न आलेल्या माणसात त्याचा फायदा आणि रक्तस्रावाचा धोका यांचा ताळमेळ अवघड असतो, आणि स्कोअर १००च्या बराच खाली होता. ते दिले नाही.

बहिणीच्या बाबतीत मोह उलट दिशेचा होता. वाढलेल्या सीआरपीवर तिला स्टॅटिन हवे होते. २००८च्या ज्युपिटर चाचणीत एलडीएल कमी आणि सीआरपी वाढलेल्या लोकांना रोसुव्हास्टॅटिनने फायदा झाला हे खरे. पण त्यात स्त्रिया साठीच्या पुढच्याच होत्या. दोन आठवड्यांनी सर्दी-खोकला नाही याची खात्री करून पुन्हा मोजला तेव्हा तो ३.१ आला, म्हणजे आकडा खरा होता. चरबीच्या पेशींतून निघणाऱ्या इंटरल्युकिन-६ या दाहाच्या संदेशवाहकाच्या इशाऱ्यावर यकृत सीआरपी बनवते. सीआरपी स्वतः रोहिण्या बिघडवत नाही हे जनुकीय अभ्यासांतून बऱ्यापैकी स्पष्ट झाले आहे. तो आकडा उतरवणे हे उद्दिष्ट नाही, त्यामागचे कारण शोधायचे. एलपी-ए कमी, ॲपो-बी ठीक, साखर ठीक, म्हणून स्टॅटिन नको असे ठरले. कॅल्शियम स्कोअरही केला नाही.

मात्र तिला "तुम्हाला काही नाही" असे सांगून पाठवले नाही. बोलता बोलता कळले की दुसऱ्या बाळंतपणात तिचा रक्तदाब वाढला होता, लघवीतून प्रथिने जात होती आणि मुदतीआधी प्रसूती करावी लागली होती. ही प्रीएक्लॅम्प्सिया. ती होऊन गेलेल्या स्त्रियांना पुढे हृदयविकाराचा धोका सुमारे दुप्पट असतो. इतक्या वर्षांत कोणत्याही तपासणीत तिला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता, वजन मात्र प्रत्येकाने विचारले होते. तिचा रक्तदाब दवाखान्यात १३४/८६ होता. आठवडाभर घरी सकाळ-संध्याकाळ मोजायला सांगितला, सरासरी १३१/८३ आली. तिच्या बाबतीत रक्तदाब हाच मुख्य धागा ठरला. औषध लगेच न देता मीठ कमी करणे, झोप, चालणे आणि दर तीन महिन्यांनी आढावा असे ठरले.

पुढे काय झाले

भावाला गोळीच्या तिसऱ्या आठवड्यात मांड्या दुखू लागल्या आणि त्याने ती स्वतःच बंद केली. त्याच आठवड्यात त्याने उठाबशाही वाढवल्या होत्या. स्नायूंना इजा झाली का हे सांगणारी सीपीके ही रक्तचाचणी निर्दोष होती. दोन आठवडे थांबून गोळी पुन्हा सुरू केली, तेव्हा दुखले नाही. सुरू करून आठ आठवडे सलग झाल्यावर एलडीएल ६९ आणि ॲपो-बी ७० आले. एलपी-एच्या कणांतले कोलेस्टेरॉलही एलडीएलच्या आकड्यातच मोजले जाते आणि स्टॅटिन त्याला हात लावत नाही. त्यामुळे अशा लोकांत एलडीएल अपेक्षेपेक्षा कमी उतरले तर गोळी घेतली जात नाही असा संशय घेण्याआधी हे लक्षात ठेवावे. पुढे आकडा पुन्हा चढला तर डोस दुप्पट करण्यापेक्षा एझेटिमाइब (आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषू न देणारे औषध) जोडायचे ठरले आहे. स्टॅटिनचा डोस दुप्पट केल्याने एलडीएल जेमतेम ६ टक्के आणखी उतरते.

वर्षाअखेर त्याची कंबर ८६ आणि एचबीए१सी ५.६ होते. साखरेची भीती खरी ठरली नाही, अर्थात त्यात कमी झालेल्या पोटाचा मोठा वाटा आहे. दरवर्षी कॅल्शियम स्कोअर करून प्रगती पाहायची त्याची इच्छा होती. ती नाकारली, कारण स्टॅटिनने मऊ थर घट्ट होताना कॅल्शियमचा आकडा वाढूही शकतो आणि चांगला बदल वाईट वाटू लागतो.

बहिणीचे वजन ६८ किलोवर आले, कंबर ८१, सीआरपी १.९, रक्तदाब घरच्या मोजणीत १२२/७८. तिला गोळी लागली नाही. रजोनिवृत्तीच्या काळात एलडीएल वाढते आणि चरबी पोटाकडे सरकते, म्हणून तिचा लिपिड आणि साखरेचा आढावा त्या वयात दरवर्षी घ्यायचा आहे.

काकांच्या मुलाला, वय ३८, भावानेच फोन करून तपासणीला पाठवले. त्याच्या प्रयोगशाळेने एलपी-ए मि.ग्रॅ. मध्ये दिला होता, ९६. या दोन एककांत ठरावीक गुणक लावून रूपांतर करता येत नाही, कारण कणांचा आकार माणसागणिक वेगळा असतो. पण मि.ग्रॅ. मध्ये ५०ची रेषा धरतात आणि तो तिच्या बराच पुढे होता. शिवाय तो सिगारेट ओढत होता. सिगारेट त्याने सोडली आहे आणि त्याच्या उपचारांचा विचार स्वतंत्रपणे सुरू आहे.

वेगळे काय करता आले असते

भावाचे गेल्या सहा वर्षांचे कंपनीचे अहवाल नंतर मागवून पाहिले. सहाही वर्षे ट्रायग्लिसराइड १६०च्या वर आणि एचडीएल ४०च्या खाली होते. शेऱ्यात दर वेळी 'कोलेस्टेरॉल सामान्य'. कंबरेचा रकाना छापलेला होता, पण रिकामा. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा केले असते तरी नॉन-एचडीएल १६० दिसले असते, त्याला वेगळी चाचणीही लागत नाही. हे सहा वर्षे आधी दिसले असते तर पोटावरचे काम मधुमेहाच्या काठावर येण्याआधीच सुरू झाले असते.

घराण्याचा इतिहास दोघांच्याही जुन्या कागदांत होता, पण "वडील हृदयविकाराने मृत्यू" एवढाच. वय नव्हते. वडील किंवा भाऊ ५५च्या आत, आई किंवा बहीण ६५च्या आत आजारी पडली असेल तरच तो अकाली हृदयविकाराचा वारसा ठरतो, आणि त्या एका आकड्यावर एलपी-ए मागवायचा की नाही हे ठरू शकते. वडील गेले तेव्हाच मुलांचा एलपी-ए मोजता आला असता. तेव्हा ती चाचणी सहज उपलब्ध नव्हती हे मान्य, पण गेली काही वर्षे ती आहे.

कॅल्शियम स्कोअरबाबत सहकाऱ्यांत एकमत नाही. एकाचे म्हणणे, अकाली वारसा, एलपी-ए २१२ आणि ॲपो-बी ११८ एवढ्यावर स्टॅटिन द्यायलाच हवे होते, स्कॅन हा विलंब होता. वैद्यकीयदृष्ट्या ते बरोबर आहे. पण या रुग्णाला स्वतःच्या रोहिणीतला पुरावा पाहिल्याशिवाय गोळी पटली नसती, आणि न पटलेली गोळी तिसऱ्या आठवड्यातल्या दुखण्यानंतर परत सुरू झाली नसती. पुन्हा असे प्रकरण आले तर मी बारा आठवड्यांची वाट न पाहता स्कॅनचा पर्याय पहिल्याच महिन्यात समोर ठेवीन, तोच कागद आधी लिहून घेऊन.

एक निर्णय अजून बाकी आहे. भावाला १६ वर्षांची मुलगी आणि १२ वर्षांचा मुलगा आहे. दोघांनाही ती चढी प्रत मिळण्याची शक्यता निम्मी. या वयात चढा एलपी-ए निघाला तरी औषध द्यायचे नसते. तंबाखूपासून दूर राहणे, वजन, रक्तदाब आणि एलडीएल यांकडे लवकर लक्ष देणे एवढेच करायचे असते. आईवडिलांना दोघांचीही चाचणी लगेच हवी होती. मुलीला आधी सगळे समजावून सांगितले आणि निर्णय तिला घेऊ दिला. बारावीच्या परीक्षेनंतर करीन, असे ती म्हणाली. मुलाचा विषय तो थोडा मोठा झाल्यावर, तोपर्यंत त्याच्या फायलीवर आजोबांचे वय आणि वडिलांचा एलपी-ए ठळक लिहून ठेवला आहे.